तरुण संघ, जुने कोपरे

माजलगाव, प्रतिनिधी - दसरा-दिवाळीच्या सुमारास माजलगाव तालुक्यातील गावे निम्मी रिकामी होऊ लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि त्यांच्याबरोबर गावच्या कबड्डी संघातील ऐन उमेदीचे गडीही जातात. मागे उरतात ती शाळा-महाविद्यालयातील मुले आणि शेती, दुकान किंवा नोकरीमुळे गावातच राहिलेले तिशी-पस्तिशीतले खेळाडू. हंगाम संपवून टोळ्या परतेपर्यंत चैत्र उजाडलेला असतो, जत्रांचे दिवस आलेले असतात आणि जत्रा म्हटली की मैदान आखलेच जाते. अशा वेळी मंडळाच्या चालकांपुढे दरवर्षी एकच पेच येतो. संघ नव्याने बांधायचाच आहे, तर कोपऱ्यावर जुना गडी ठेवायचा की कोवळ्या पोराला उभे करायचे?

हा पेच केवळ गावच्या पाटीपुरता नाही. प्रो कबड्डी लीगमधील पुण्याचा संघ गेली काही वर्षे कोट्यवधी रुपये खर्चून याच प्रश्नाशी झुंजतो आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी दिल्लीच्या त्यागराज संकुलात बाराव्या मोसमाचा अंतिम सामना झाला. साखळीत अव्वल ठरलेल्या पुणेरी पलटणला दबंग दिल्लीने ३१-२८ असे हरवले. दिल्लीच्या संघात बचावासाठी ज्या अनुभवी खेळाडूंची भरती केली होती, त्यात इराणचा फझल अत्राचली होता आणि सुरजीत सिंगही होता. विशेष म्हणजे हे दोघेही पूर्वी पुण्याचे कर्णधार होते. सुरजीतने २०१९ मध्ये पुण्याचे नेतृत्व केले, तर फझलने २०२२ मध्ये. पुण्याने ज्यांना जाऊ दिले, तेच तीन गुणांनी विजयी ठरलेल्या बाजूला होते. मग पुण्याची चूक झाली काय? या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दर्शनी वाटते तितके सोपे नाही.

बास्केटबॉलमधील जुनाच वाद

हा वाद जगभर सर्वाधिक रंगतो तो अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये. तेथे रिंगखाली उभे राहून प्रतिस्पर्ध्याला रोखणारे, परत आलेला चेंडू झेलणारे धिप्पाड खेळाडू संघाचा कणा समजले जातात. संघ मोडून नव्याने उभारायचा ठरला की पहिली कुऱ्हाड बहुधा याच ज्येष्ठ धिप्पाड खेळाडूंवर पडते. त्यांचे मानधन मोठे, गुडघे झिजलेले आणि संघ पुन्हा वर येईपर्यंत त्यांची कारकीर्द संपलेली असणार, असा त्यामागील हिशेब असतो.

अल हॉरफोर्ड या खेळाडूचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. डिसेंबर २०२० मध्ये तो ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाकडे आला, तेव्हा हा संघ पूर्णपणे पुनर्बांधणीच्या वाटेवर होता. चौतीस वर्षांच्या हॉरफोर्डने तेथे २८ सामने खेळले आणि ते चांगले खेळले. तरीही मार्च २०२१ मध्ये, तंदुरुस्त असतानाही, त्याला उर्वरित मोसमासाठी बसवण्यात आले. त्याची मिनिटे नवख्यांना मिळावीत, हा त्यामागील उद्देश होता. त्याच वर्षी जूनमध्ये तो बोस्टन सेल्टिक्सकडे गेला. २०२४ मध्ये बोस्टन विजेता ठरला, तेव्हा हॉरफोर्ड ३८ वर्षांचा होता आणि ते त्याचे पहिलेच विजेतेपद होते. म्हणजे ओक्लाहोमाने गमावलेच म्हणायचे. मात्र पुढच्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, ओक्लाहोमाच्या त्याच तरुण संघाने विजेतेपद पटकावले. सोडणाराही जिंकला आणि घेणाराही.

त्यातील एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. ओक्लाहोमाने २०२२ मध्ये चेट होमग्रेन हा उंच तरुण निवडला, पण जिंकण्याची वेळ जवळ आल्यावर केवळ त्याच्यावर विसंबून राहणे या संघाने पसंत केले नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात आयझया हार्टेनस्टाइन हा अनेक संघांतून घडून आलेला धिप्पाड खेळाडू मोठ्या रकमेला करारबद्ध करण्यात आला. अनुभवाची किंमत त्या संघाला पुनर्बांधणी सुरू असताना परवडत नव्हती. पुनर्बांधणी संपत आली तेव्हा ती मोजावी लागली.

एनबीएचा हिशेब कबड्डीला जसाच्या तसा लागू करता येत नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. तेथे तळाला राहण्याचे बक्षीस मिळते. महाविद्यालयांतून आणि परदेशांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची संधी हरणाऱ्या संघांना अधिक असते. २०१९ पासून तर सर्वात तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के शक्यता दिली जाते. त्यामुळे ज्येष्ठाला बसवून चार सामने जास्त हरले तरी संघाच्या पदरात काहीतरी पडते. कबड्डीच्या लिलावात तसे नाही. विजेत्यालाही तेवढीच रक्कम आणि शेवटच्यालाही तेवढीच. दहाव्या मोसमापासून ही मर्यादा पाच कोटी रुपयांची आहे. हरण्यात लाभ नसल्याने जुन्याला काढण्याचे निम्मे कारणच येथे उरत नाही.

कोपरा उशिरा का पिकतो

कबड्डीत एनबीएतील धिप्पाड खेळाडूच्या जवळ जाणारी जागा कोणती, असे विचारले तर जाणकार कोपरारक्षकाकडे बोट दाखवतील. सात जणांच्या बचावफळीत दोन टोकांना दोन कोपरारक्षक असतात. त्यांच्या आतल्या बाजूला मध्यरक्षक आणि इतर खेळाडू साखळी धरून उभे राहतात. चढाईपटू बोनस रेषेकडे सरकला की त्याचा पाय सर्वात आधी कोपरारक्षकाच्या आवाक्यात येतो. तो पाय घोट्याशी पकडायचा की जाऊ द्यायचा, याचा निर्णय डोळ्याची पापणी लवेपर्यंत घ्यावा लागतो. पकडला आणि साखळी मागून आली नाही, तर चढाईपटू एकाच झटक्यात दोन-तीन गुण घेऊन मध्यरेषा गाठतो.

चढाईपटू लवकर तयार होतो. त्याच्याकडे वेग असतो, तो एकटा असतो, चूक झाली तर एक गडी बाद होतो आणि पुढच्या डावात तो परत येतो. बचावपटूची चूक मात्र सर्वांना भोवते. तरुण कोपरारक्षकाचा नेहमीचा दोष म्हणजे घाई. चढाईची मुदत तीस सेकंदांची असते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी चढाई निर्णायक ठरते आणि तीत गुण न घेणारा चढाईपटू आपोआप बाद होतो. अशा वेळी बचावाने काहीच केले नाही तरी गुण मिळतो. ज्याने दहा वर्षे मैदान पाहिले आहे तो थांबतो. ज्याने दोन वर्षे पाहिले आहे तो झेपावतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना केलेल्या अव्वल पकडीला एक गुण जादा मिळतो. तेव्हा कोणी धाडस करायचे आणि कोणी मागे राहायचे, हे ओरडून सांगणारा माणूस लागतो. प्रेक्षकांच्या गोंगाटात हे ओरडणे दूरचित्रवाणीवर ऐकू येत नाही, म्हणून त्याचे मोलही आकडेवारीत दिसत नाही.

धर्मराज चेरलाथन हे या जातीच्या खेळाडूचे ठळक उदाहरण. १९७५ साली जन्मलेल्या या उजव्या कोपरारक्षकाने २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सला कर्णधार म्हणून विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा त्याचे वय ४१ होते. दोन वर्षांनी तो यू मुंबाकडे आला. त्याच मोसमात कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई हा नवा चढाईपटू लीगमध्ये पदार्पण करीत होता. एका बाजूला त्रेचाळीस वर्षांचा चेरलाथन, दुसऱ्या बाजूला फझल अत्राचली आणि पुढे बिनधास्त चढाया करणारा देसाई. मागे कोपरे भक्कम असल्यामुळेच देसाईला धोका पत्करणे परवडले, असे म्हणता येईल. ३६ लाख ४० हजारांना घेतलेल्या या खेळाडूला पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. चेरलाथनचे बाजारमूल्य त्या मोसमात वाढले नाही. देसाईचे वाढले.

पुण्याचा प्रवास

पुणेरी पलटणचा इतिहास पाहता या संघाने हा प्रश्न सर्व बाजूंनी अजमावला आहे. २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन्ही मोसमांत संघ तळाला होता. त्यानंतर मनजीत छिल्लरसारख्या नावाजलेल्या खेळाडूंच्या बळावर तो दोनदा तिसरा आला. २०१९ मध्ये पुन्हा घसरण झाली. आठव्या मोसमात, म्हणजे २०२१-२२ मध्ये, राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे दोन मोठ्या नावाचे चढाईपटू संघात असतानाही भार उचलला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन नवख्यांनी. अस्लम हा बीडला लागून असलेल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा. लीगच्या सुरुवातीच्या काळात ज्याच्या नावावर सामने विकले जात, तो राहुल चौधरी त्या मोसमात बव्हंशी बाकावरच बसला.

येथेच पुण्याने एक महत्त्वाचा धडा घेतलेला दिसतो. चढाईत जुन्यांना बाजूला सारता येते, पण बचावात तसे करता येत नाही. २०२२ च्या लिलावात पुण्याने फझल अत्राचलीला १ कोटी ३८ लाख रुपयांना विकत घेऊन कर्णधार केले. प्रशिक्षक म्हणून बंगालला विजेतेपद मिळवून दिलेले बी. सी. रमेश आले. फझल तेव्हा तीस वर्षांचा होता. यू मुंबाने त्याला तीन मोसमांनंतर सोडले होते. त्याच वर्षी त्याने मनजीत छिल्लरला मागे टाकून लीगमध्ये सर्वाधिक पकडींचे गुण मिळवणारा खेळाडू हा मान मिळवला. त्याच्या मागे शिकणाऱ्यांत संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन अशी मुले होती. पुणे पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचले. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरने हा सामना ३३-२९ असा जिंकला. दुखापतींमुळे अस्लम आणि मोहित हे दोघेही त्या सामन्यात नव्हते, ही गोष्ट पराभवाचे विश्लेषण करताना विसरली जाऊ नये.

त्यानंतर व्यवस्थापनाने जे केले ते अनेकांना खटकले. अंतिम फेरीपर्यंत नेणाऱ्या कर्णधारालाच मुक्त करण्यात आले. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात गुजरातने फझलला १ कोटी ६० लाखांना घेतले. पुण्याने त्याच जागेसाठी, म्हणजे डाव्या कोपऱ्यासाठी, त्याच देशाचा महंमदरेझा शादलुई हा २३ वर्षांचा खेळाडू २ कोटी ३५ लाखांना घेतला. पाच कोटींच्या थैलीतील ४७ टक्के रक्कम एकट्या बचावपटूवर! कर्णधारपद तरुण अस्लमकडे गेले. परिणाम सर्वांसमोर आहे. पुण्याने साखळीत २२ पैकी केवळ दोन सामने गमावले, ९६ गुणांसह पहिला क्रमांक मिळवला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद जिंकले. शादलुईने त्या मोसमात पकडींचे ९९ गुण मिळवले.

फझलला सोडण्याचा निर्णय योग्य ठरला, असाच निष्कर्ष यातून निघतो. मात्र तो योग्य का ठरला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. पुण्याने ज्येष्ठाला काढून जागा रिकामी ठेवली नाही किंवा एखाद्या अननुभवी मुलाच्या हाती ती दिली नाही. शादलुई वयाने तरुण असला तरी लीगचे मोठे सामने खेळून आला होता. २०२२ च्या फेब्रुवारीत पाटण्याकडून त्याने अंतिम सामना पाहिला होता. शिवाय फझलच्या हाताखाली एक मोसम काढलेली मुले संघातच होती. ज्येष्ठाचे काम पूर्ण झाले होते आणि त्याच जागेसाठी वारस मिळाला होता. या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होणे हे दुर्मिळ असते.

पुढच्याच मोसमात त्याची प्रचिती आली. २०२४ मध्ये शादलुई हरियाणाकडे गेला, २ कोटी ७ लाखांना. अस्लम दुखापतीमुळे बाहेर पडला. गतविजेता पुणे बाद फेरीही गाठू शकला नाही आणि त्यांच्याच बालेवाडीत २९ डिसेंबर २०२४ रोजी शादलुईच्या हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून करंडक उचलला. गुणी पोरांची फळी तीच होती. संकटात तिला सावरणारा मात्र कोणी नव्हता.

म्हाताऱ्यांचा संघ आणि त्याची थट्टा

पुण्याला २०२५ मध्ये हरवणाऱ्या दिल्लीची कथा तर याहून रंजक आहे. आठव्या मोसमापूर्वी दिल्लीने नवीन कुमार या तरुण चढाईपटूभोवती संघ बांधताना बचावात जुनी माणसे गोळा केली. जोगिंदर नरवाल, जीवा कुमार, मनजीत छिल्लर, संदीप नरवाल. यातील काही जण चाळिशीच्या आसपासचे. अजय ठाकूरही त्या संघात होता, पण त्याला खेळण्याची फारशी संधी मिळाली नाही. या निवडीची कबड्डीच्या वर्तुळात थट्टा झाली. मात्र २५ फेब्रुवारी २०२२ रोजी याच संघाने साखळीतील अव्वल पाटण्याला ३७-३६ असे एका गुणाने हरवले. विजय मलिकने १४ आणि नवीनने १३ गुण मिळवले. कर्णधार होता जोगिंदर नरवाल. २०२५ मध्ये दिल्लीचा प्रशिक्षकही तोच. साखळीत पहिल्या आलेल्या तरुण संघाला जुन्या हातांच्या जोरावर अंतिम सामन्यात थोडक्या फरकाने हरवण्याचा प्रयोग त्याने दोनदा यशस्वी केला, एकदा मैदानात उतरून आणि एकदा मैदानाबाहेर उभे राहून. (या दुसऱ्या वेळी पुण्याच्या बाजूला प्रशिक्षक म्हणून उभा होता तो अजय ठाकूर!)

आठव्या मोसमाच्या बाबतीत एक मुद्दा लक्षात घ्यायला हवा. करोनामुळे तो संपूर्ण मोसम बंगळुरूत एकाच ठिकाणी झाला. विमानतळ, बस, दर आठवड्याला नवे शहर यांतून जुन्या पायांची सुटका झाली होती. त्या विजयाचे श्रेय अनुभवाला देताना या विश्रांतीचा वाटाही मान्य करावा लागेल.

जुन्यांची मोळी बांधली की यश मिळतेच असेही नाही. तामिळ थलायवाजने २०१९ मध्ये अजय ठाकूर, राहुल चौधरी, मनजीत छिल्लर, मोहित छिल्लर आणि रणसिंग यांना एकत्र आणले. कागदावर हा संघ भारताच्या राष्ट्रीय संघासारखा दिसत होता. तो बारावा, म्हणजे शेवटचा आला. २०२२ मध्ये तेलुगू टायटन्सने सुरजीत सिंग, रविंदर पहल, विशाल भारद्वाज आणि परवेश भैंसवाल अशी चार मातब्बर बचावपटूंची फळी उभी केली. त्यांनी २२ पैकी दोन सामने जिंकले. त्याच वर्षी थलायवाजचा कर्णधार पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला आणि सागर, साहिल गुलिया, अभिषेक या पोरसवदा बचावपटूंनी संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेले. तेथे पुण्याने त्यांना अवघ्या दोन गुणांनी हरवले.

टायटन्सचे काय चुकले? त्या चौघांपैकी प्रत्येक जण आपापल्या संघात हुकूम सोडणारा होता. चार जण हुकूम सोडू लागले की साखळी तुटते. दिल्लीत मात्र जुन्यांच्या पुढे नवीनसारखा एक निर्विवाद चढाईपटू होता आणि मागे कोणाचे ऐकायचे हे ठरलेले होते. बचावफळीत एक जुना खांब पुरतो, क्वचित दोन. तिसऱ्यापासून पुढे ती गर्दी होते, असे या सर्व उदाहरणांवरून म्हणण्यास हरकत नाही.

मुंबईचा उलटा प्रवास

यू मुंबाचा अनुभव या संदर्भात पुण्याला पूरक आहे. २०१५ चा विजेता आणि पहिल्या तिन्ही अंतिम सामन्यांत खेळलेला हा संघ. अनुप कुमार गेला, नंतर २०२२ मध्ये फझलही गेला आणि संघाची धुरा नव्या दमाच्या सुरिंदर सिंगकडे आली. सलग दोन मोसम मुंबईला बाद फेरी गाठता आली नाही. २०२४ च्या लिलावात मात्र व्यवस्थापनाने भूमिका बदलली. जयपूरला २०२२ मध्ये विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार सुनील कुमार १ कोटी १ लाख ५० हजारांना घेतला गेला. त्याच्या जोडीला परवेश भैंसवाल आला. हे दोघे गुजरातच्या संघात पूर्वी मध्यरक्षकांची जोडी म्हणून खेळले होते. संघ पुन्हा बाद फेरीत पोहोचला. टायटन्सकडे अपयशी ठरलेला परवेश येथे उपयोगी पडला, याचे कारण बहुधा एवढेच की त्याच्या शेजारी कोण उभा आहे हे त्याला माहीत होते. सुनीलचे वय तेव्हा सत्तावीसच्या आसपास होते. कबड्डीत ज्येष्ठता जन्मतारखेने मोजता येत नाही, हे या व्यवहाराने दाखवून दिले. किती मोसम, किती बाद फेऱ्या, कोणाच्या शेजारी, हे मोजावे लागते.

हरियाणाची वाट याहून वेगळी होती. जयदीप दहिया आणि मोहित नंदल या मध्यरक्षकांना त्यांनी वर्षानुवर्षे संघातच राखले, हरले तरी राखले. २०२४ च्या मार्चमध्ये ते पुण्याकडून अंतिम सामना हरले आणि डिसेंबरात जिंकले. तरुणांनाच संघात राहून ज्येष्ठ होऊ देणे हा खरे तर सर्वात स्वस्त मार्ग. मात्र त्यासाठी लागणारा धीर मालकांकडे क्वचितच असतो.

पाच टक्क्यांचा प्रश्न

माजलगावसारख्या भागात हा प्रश्न करंडकापुरता राहत नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी राज्य व राष्ट्रीय स्पर्धांतील कामगिरीचे प्रमाणपत्र लागते. कबड्डी खेळणाऱ्या ग्रामीण मुलाच्या दृष्टीने जिल्हा संघातील स्थान हा पोलीस भरतीकडे किंवा सरकारी कचेरीकडे जाणारा रस्ता असतो. ज्या घरात दरवर्षी कोयता उचलून परगावी जावे लागते, तेथे या प्रमाणपत्राचे मोल किती, हे सांगण्याची गरज नाही. त्यामुळे नोकरीत स्थिरावलेला पस्तीस वर्षांचा कोपरारक्षक जिल्हा संघात आणखी एक वर्ष राहतो, तेव्हा एका विशीतल्या मुलाचे एक वर्ष जाते. भरतीच्या वयोमर्यादेमुळे ते परत मिळत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. केवळ नवख्यांचा संघ राज्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद झाला, तर प्रमाणपत्राच्या कामाची कामगिरी कोणाच्याच नावावर लागत नाही. सात मुलांना संधी दिली आणि सातांपैकी एकालाही तिचा लाभ झाला नाही, असेही घडते. ज्येष्ठाला ठेवल्याने एका मुलाची जागा जाते, पण उरलेल्या सहा जणांना दोन फेऱ्या अधिक मिळण्याची शक्यता वाढते. हा हिशेब कोरडा वाटेल, पण निवड समितीच्या बैठकीत तो मांडला जायला हवा. प्रत्यक्षात तेथे बहुतेक वेळा गावे आणि नाती मोजली जातात, ही तक्रार जुनी आहे.

लीगच्या अनुभवावरून या पेचाचे उत्तर शोधायचे झाल्यास काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. चढाईतील ज्येष्ठाला लवकर मोकळे करावे. राहुल चौधरीला बाकावर बसवून पुण्याचे काही बिघडले नाही. कोपऱ्यावरील ज्येष्ठाला मात्र वारस तयार होईपर्यंत सोडू नये आणि वारस तयार करणे हे त्याच्या कामाचाच भाग आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवावे. बारा जणांच्या संघात असा एकच असावा. तो प्रत्येक सामन्यात सातांत असलाच पाहिजे असे नाही. पहिल्या सत्रात मुलाला उभे करून, गुणांचा फरक कमी असेल तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांसाठी त्याला आत आणता येते. बदली खेळाडूंचा नियम त्यासाठीच आहे. आपल्याकडे तो दुखापत झाल्यावरच आठवतो.

यात अडचण आहे ती मानाची. गावात ज्याने पंधरा वर्षे डावा कोपरा सांभाळला, त्याला बाकावर बस म्हणून सांगणार कोण? लीगमध्ये हे काम लिलाव करतो. तेथे कोणाला तोंडावर नाही म्हणावे लागत नाही, यादीत नाव नसते इतकेच. फझल अत्राचलीने तर लीगमध्ये यू मुंबा, पाटणा, गुजरात, पुणे, बंगाल आणि दिल्ली असे सहा संघ पाहिले, पकडींचे पाचशे गुण ओलांडले आणि पुण्याने सोडल्यानंतर तिसऱ्या वर्षी पुण्याविरुद्धचाच अंतिम सामना जिंकलेल्या संघात तो होता. गावच्या ज्येष्ठाला मात्र दुसरे गाव नसते. त्याला काढले की त्याचा खेळ संपतो आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहून तो पोरांना ओरडून सांगत राहतो, थांब, अजून थांब, पाय येऊ दे. पोरे ऐकतात की नाही हा भाग वेगळा.

ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की तालुक्यातील मंडळे पुन्हा मैदाने आखतील, वजनकाटे लागतील आणि खुल्या गटासाठी नावे लिहिली जातील. कारखान्याच्या फडातून आलेल्या गड्यांच्या तळहाताला तेव्हा घट्टे पडलेले असतात आणि सहा महिन्यांत मैदानाशी संबंध आलेला नसतो. सराव झालेला असतो तो मागे राहिलेल्या पोरांचा आणि त्यांना सराव देणाऱ्या त्या पस्तिशीतल्या माणसाचा. डाव्या कोपऱ्यापुढे कोणाचे नाव लिहायचे, हे मंडळाला बहुधा जत्रेच्या आदल्या रात्री ठरवावे लागते.